जोडी क्रमांक सतरा

मारबत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी
गोसाईबोडीवर गरीनं मासे धरायची स्पर्धा.
जोडीमागे दोनशे रुपये. पाच मासे, वीतभर किंवा वर,
आणि वजनाच्या वेळी टबात जिवंत हवेत.
पहिलं बक्षीस कूलर.
संस्थेच्या ओट्यावर उभा होता तो,
गळ्यात झेंडूची माळ, नवरदेवासारखा,
आणि उन्हाळा आठ महिने लांब.

जोडी एकाच घरातली हवी, असा नियम.
माझा नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर,
तिच्या नवऱ्याचा पाय प्लास्टरात.
म्हणून मी आणि पुस्तकला.
चुली वेगळ्या होऊन चार वर्षं.
आंगणात मधोमध तुराट्यांचा कूड,
त्याला त्या बाजूनं ती सारवते, या बाजूनं मी,
आणि बोलणं पोरांच्या तोंडून.
मारबत सगळी इडापिडा घेऊन गेली म्हणतात.
कूड तिला दिसला नसावा.

नावं लिहिणाऱ्यानं विचारलं, घर एकच ना?
दोघी एकदम म्हणालो, हो.
मग सकाळपर्यंत काही नाही.

डोंगा म्हणजे कोरलेलं एक खोड.
एक खोकली तरी दुसरी हलते.
ती पुढे बसली, बांबू घेऊन;
मी मागे, वल्हं, गरी आणि हातजाळी सांभाळत.
शिंगाड्याच्या वेलातून वाट काढताना
तिची पाठ पाहिली, किती वर्षांनी इतक्या जवळून.
ब्लाउजचं एक हूक तुटलेलं, तिथं पिन.

शिट्टी झाली.
पहिला रोहू तिचा. दुसरा माझा.
मग पुन्हा तिचा, पुन्हा तिचा.
टब एकच होता,
पण मनात मी दोन टब ठेवले होते
आणि माझ्या टबात एकटाच मासा फिरत होता.
भोंग्यावर ग्रामसेवक ओरडला,
जोडी क्रमांक सतरा आघाडीवर!
जोडी, म्हणे.

दहाच्या सुमारास कमळांच्या कडेला
पाणी तांबडं उकळताना दिसलं.
पाणी नव्हतं ते, पिल्लं होती मरळीची,
मूठभर शेंदूर सांडावा तशी, वर येऊन श्वास घेणारी.
मरळ त्यांच्या खालीच फिरत असते.
तिथं काहीही पडलं की डसते, भूक नसली तरी.
लहानपणी बाप सांगायचा, हे दिसलं की गरी उचलायची.
पुस्तकलानं बेडकी टोचली आणि नेम धरून टाकली.
तिथं नको, असं म्हणायचं होतं मला.
चार वर्षं वापर नसला की
तोंड वेळेवर उघडत नाही.

दोरी ताणली, बांबू वाकला,
डोंगा जागच्या जागी फिरला.
“जाळी! अवो जाळी घाल नं बाई!”
मला म्हणाली. मलाच.
मी घातली.
उशिरा घातली की वाकडी घातली,
ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.
हातभर काळी पाठ एकदा वळली,
जाळीत कमळाचं एक पान उरलं.

“सुटली,” मी म्हणाले.
“दिसलं,” ती म्हणाली.

पाचवा मासा कसाबसा वीतभर भरला.
नव्वद ग्रॅमनं गेलो.
किन्हीच्या बापलेकांनी कूलर टेम्पोत चढवला,
माळ तशीच.
आम्हाला दोन स्टीलचे डबे, एकाच मापाचे.
दोघींनीही झाकणं उघडून पाहिली.

परतताना धानाच्या बांधीवरून ती पुढे, मी मागे.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
“पिल्ले लय होते नं?”
मी हो म्हटलं.
“मी बी बेडकी नीट टोचली नोती,” ती म्हणाली.
खोटं होतं ते.
टोचताना मी पाहिलं होतं, गरी आरपार गेली होती.

रात्री भांडी घासताना
कुडापलीकडून आवाज आला,
“पुढच्या साली कूलर भेटला त ठेवाचा कुठी?”
मी म्हटलं, कुडाले भोक पाडू.
ती हसली नाही.
मोजत असावी,
हवा कोणाकडे जास्त येईल ते.